दुसऱ्या राज्यात इंटर्नशिप करायचीय? आधी कुणाकुणाला विचारायचं ते वाचा

माझी मावशी न्यू जर्सीत एडिसनला राहते. मी ओहायोत काउन्सेलिंगचं मास्टर्स करत होते, तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं जाहीर करून टाकलं की उन्हाळ्यात तू इकडेच यायचंस, खोली रिकामी आहे आणि इंटर्नशिप देणारे इथे छप्पन्न मिळतील. छप्पन्न नाही, एक मिळाली. एका संस्थेच्या संचालिका झूमवर वीस मिनिटं बोलल्या आणि "ये" म्हणाल्या. मार्च महिना होता. मी विमानाचं तिकीट काढलं, ओहायोतली खोली तीन महिन्यांसाठी एका मुलीला दिली आणि निर्धास्त झाले.

१ जूनला सुरू व्हायची ती इंटर्नशिप २९ जूनला सुरू झाली. मधले चार आठवडे मी मावशीच्या सोफ्यावर बसून ईमेल लिहीत होते.

चूक माझीच होती, पण ती मला कुणी सांगितली नव्हती. मला वाटायचं, विद्यापीठ हो म्हणालं की झालं. खरं तर पाच जणांचे होकार लागतात: तुमचा विभाग, विद्यापीठाचं कम्प्लायन्स ऑफिस (मुद्दा २ मधलं स्टेट ऑथोरायझेशन ऑफिस ते हेच), त्या राज्याचं लायसन्सिंग बोर्ड, तुमचा डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारा विद्यापीठाचा अधिकारी) आणि ती साइट, म्हणजे जिथे इंटर्नशिप करायची ती संस्था. यांतला कुणीही दुसऱ्याच्या वतीनं बोलत नाही. विभागाचा होकार डीएसओला लागू नाही, डीएसओचा बोर्डाला लागू नाही. प्रत्येक जण तुम्हाला प्रेमानं सांगतो की "आमच्याकडून काही हरकत नाही", आणि आपण त्याचा अर्थ "सगळीकडून हरकत नाही" असा घेतो.

हा लेख एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकणाऱ्या आणि पुढे लायसन्स लागणाऱ्या क्षेत्रात जाणाऱ्यांसाठी आहे: काउन्सेलिंग, सोशल वर्क, स्पीच थेरपी, नर्सिंग, शिक्षकी पेशा. माझी उदाहरणं काउन्सेलिंगची आहेत, इतरांनी आकडे आपापले घालून वाचावेत. कम्प्युटरवाल्यांना मुद्दा ४ पुरे.

१. आधी शेवट ठरवा: लायसन्स कुठल्या राज्यात घ्यायचंय?

इंटर्नशिप शोधायच्या आधी हे ठरवा. नक्की नसेल तर दोन राज्यं ठरवा, पण ठरवा.

आपल्याकडे आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टरात नाव लागलं की नाशिकला काम करा नाहीतर इंदूरला, रजिस्टर तेच. इथे तसं नाही. लायसन्स राज्य देतं. राज्य बदललं की बोर्ड बदलतं, अटी बदलतात, आणि मजा म्हणजे पदाचं नावही बदलतं. मास्टर्सनंतर सुपरवायझरच्या हाताखाली काम करणाऱ्या काउन्सेलरला ओहायोत एलपीसी म्हणतात, न्यू जर्सीत एलएसी, कॅलिफोर्नियात एपीसीसी, टेक्ससमध्ये एलपीसी असोसिएट आणि व्हर्जिनियात 'रेसिडेंट इन काउन्सेलिंग'. फ्लोरिडानं तर कहरच केलाय. तिथे 'रजिस्टर्ड मेंटल हेल्थ काउन्सेलर इंटर्न' ही नोंदणी पदवीनंतरची आहे. विद्यार्थी असताना आपण स्वतःला इंटर्न म्हणवतो म्हणून माझ्या वर्गातली एक जण तोच फॉर्म भरत बसली होती. मास्टर्सची ट्रान्सक्रिप्ट मागितली तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

अटींतले फरक नावांपेक्षा जास्त महागात पडतात. ओहायोला केक्रेपची, म्हणजे काउन्सेलिंगचे प्रोग्राम तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेली पदवी हवी असते. न्यूयॉर्कला बालकांवरचे अत्याचार ओळखण्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. कॅलिफोर्नियात स्वतःची कायदा आणि नीतिमत्तेची परीक्षा आहे.

मग माहिती कुठे मिळते? तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर' नावाचं एक पान असतं. सहसा ते तळाशी, बारीक अक्षरात सापडतं. आपला प्रोग्राम कुठल्या राज्याच्या शैक्षणिक अटी पूर्ण करतो आणि कुठल्या नाही, हे जाहीर करणं विद्यापीठावर केंद्र सरकारच्या नियमानं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून हा नियम आणखी कडक झाला. विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी ज्या राज्यात आहे, तिथल्या शैक्षणिक अटी प्रोग्रामनं पूर्ण केल्या पाहिजेत. तसं नसेल तर आपण दुसऱ्या राज्यात काम करणार आहोत असं विद्यार्थ्यानं लेखी द्यावं लागतं. प्रोग्राम तुमच्या राज्याच्या अटींत बसत नाही असं नंतर ठरलं, तर विद्यापीठानं १४ दिवसांत तुम्हाला लेखी कळवायचं असतं.

इथे आपल्यासारख्यांसाठी एक मेख आहे. विद्यापीठाच्या दफ्तरी तुमचं 'स्थान' म्हणजे तुम्ही शिकता ते राज्य. मी ओहायोत राहते म्हणून ओहायोबद्दलचं पत्र मला आपोआप मिळणार. मनातल्या मनात मी न्यू जर्सीला जायचं ठरवलंय, हे त्यांना कुठून कळणार? ते कळवायचं काम आपलं. आणि ते पान फक्त शैक्षणिक अटींबद्दल बोलतं. बोटांचे ठसे, परीक्षा, व्हिसा यातलं काहीही त्यात नसतं.

बोर्डाला ईमेल जरूर करा. पण "मी इंटरनॅशनल विद्यार्थिनी आहे, मला लायसन्स मिळेल का?" असं विचारलंत तर "अर्ज आल्याशिवाय आम्ही मूल्यांकन करत नाही" हे छापील उत्तर येईल. मला आलं. मग मी तीनच प्रश्न विचारले: दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तुमच्याकडे इंटर्नशिपसाठी काही नोंदणी लागते का, सुपरवायझरकडे कुठलं लायसन्स असायला हवं, आणि हे ज्या नियमात लिहिलंय त्याचा क्रमांक काय. तिसऱ्या प्रश्नामुळे पहिल्या दोहोंची उत्तरं नीट येतात. नोंदणीचा प्रश्न उगाच नाही. बऱ्याच राज्यांत विद्यार्थ्यांना सूट असते, पण ओहायोत इंटर्नशिप करणाऱ्याला बोर्डाकडे 'काउन्सेलर ट्रेनी' म्हणून नोंदणी करता येते.

आणि एक युक्ती, जी मला वर्षभर आधी सुचायला हवी होती. ज्या राज्यात जायचंय तिथल्या लायसन्सचा कोरा अर्ज उतरवून घ्या आणि त्यातला विषयांचा तक्ता आजच पेन्सिलीनं भरा. विषयासमोर तुमच्या कोर्सचं नाव आणि क्रेडिट लिहा. ज्या ओळी रिकाम्या राहतील, ते तुमचे पुढच्या सेमिस्टरचे इलेक्टिव्ह.

२. विद्यापीठाच्या स्टेट ऑथोरायझेशन ऑफिसला गाठा

असं ऑफिस असतं हेच कुणाला माहीत नसतं. काही ठिकाणी तिथे एकच बाई किंवा एकच बुवा बसतात, कधी रजिस्ट्रारकडे, कधी ऑनलाइन शिक्षण विभागात. काम मात्र महत्त्वाचं. आपल्या विद्यापीठाला परराज्यात विद्यार्थी कामाला पाठवायचा अधिकार आहे का, हे ते बघतात. कारण तुम्ही न्यू जर्सीत बसून क्रेडिट मिळवता, तेव्हा ओहायोचं विद्यापीठ न्यू जर्सीत शिकवतंय असा त्याचा अर्थ काढता येतो.

यासाठी राज्यांनी आपसात एक करार केलाय. त्याला सगळे 'सारा' म्हणतात, म्हणजे स्टेट ऑथोरायझेशन रेसिप्रोसिटी ॲग्रीमेंट. ४९ राज्यं, वॉशिंग्टन डीसी, पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स त्यात आहेत. एका राज्यानं मान्यता दिलेलं सदस्य विद्यापीठ बाकीच्यांना चालतं. पण एका साइटवर एका वेळी एका प्रोग्रामचे जास्तीत जास्त १० विद्यार्थी असावेत अशी मर्यादा आहे. एकट्यादुकट्याला तिचा त्रास होत नाही. मोठ्या हॉस्पिटलात जाणाऱ्या नर्सिंगच्या बॅचला होऊ शकतो.

करारात नसलेलं एकुलतं एक राज्य कुठलं, तर कॅलिफोर्निया. बे एरियात एकही नातेवाईक नाही असा मराठी विद्यार्थी विरळाच, त्यामुळे ही बातमी आपल्या मुलांना फार उशिरा आणि फार जोरात लागते. याचा अर्थ कॅलिफोर्निया बंद असा नाही. तिथे तुमच्या विद्यापीठाची स्वतंत्र स्थिती काय आहे हे त्या ऑफिसकडून लेखी घ्यायचं, एवढंच. काही विद्यापीठं ही भानगडच नको म्हणून सरळ नकार देतात. तो नकार जानेवारीत ऐकलेला बरा, मेमध्ये नाही.

आणखी एक. सारा म्हणजे लायसन्सिंग बोर्डाची परवानगी नव्हे. "आम्ही सारा सदस्य आहोत, काळजी करू नका" असं कुणी म्हणालं तर त्यानं पाचांपैकी एकाच होकाराबद्दल सांगितलंय. विशेषतः नर्सिंगमध्ये काही राज्यांचं बोर्ड बाहेरच्या प्रोग्रामच्या क्लिनिकलसाठी वेगळी परवानगी मागतं.

३. साइटशी करार: माझं घोडं इथे अडलं

संचालिकाबाई "ये" म्हणाल्या त्याला कायद्याच्या भाषेत काडीची किंमत नव्हती. विद्यापीठ आणि साइट यांच्यात 'ॲफिलिएशन ॲग्रीमेंट' झाल्याशिवाय एकही तास धरला जात नाही. ओहायोतल्या साइटशी असे करार आधीपासून असतात, म्हणून वर्गातल्या इतरांना त्याचं अस्तित्वही जाणवत नाही. परराज्यातली साइट म्हणजे कोरी पाटी.

माझा करार एका वाक्यावर अडला. साइटच्या वकिलाला हवं होतं की विद्यार्थिनीमुळे काही नुकसान झालं तर विद्यापीठानं भरपाई द्यावी. विद्यापीठ सरकारी. बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठांना अशी हमी द्यायला कायद्यानंच मनाई असते. मग दोन्हीकडचे वकील सात आठवडे एकमेकांना लाल रेघा मारलेला मसुदा पाठवत राहिले. शेवटी "राज्याच्या कायद्यानुसार जितकी परवानगी आहे तितपत" अशा अर्थाचे चार शब्द घातले आणि दोघंही खूश. सात आठवडे, चार शब्द.

तुम्ही काय करायचं? साइटशी पहिल्या बोलण्यातच विचारा: "तुम्ही याआधी दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाशी करार केलाय का?" केला असेल तर तोच मसुदा वापरायला सांगा. कराराची फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे, हे दर आठवड्याला विचारा. चिकटपणा वाटेल. वाटू दे.

सुपरवायझरचीही खात्री करून घ्या. केक्रेपच्या नियमांप्रमाणे साइट सुपरवायझरकडे किमान मास्टर्स, संबंधित लायसन्स किंवा प्रमाणपत्र, मास्टर्सनंतरचा दोन वर्षांचा अनुभव आणि सुपरव्हिजनचं प्रशिक्षण हवं. राज्य बोर्डाच्या अटी त्याहून वेगळ्या असू शकतात. प्रत्येक राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर लायसन्स शोधता येतं. सुपरवायझरचं नाव टाका, लायसन्स चालू आहे ना बघा, ते पान तारखेसकट जपून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाला तिसऱ्या आठवड्यात कळलं की त्याच्या सुपरवायझरचं नूतनीकरण राहिलंय. त्याचे तास विभागानं धरले नाहीत.

४. सीपीटी: इथे चूक करू नका

बाकी सगळीकडे चूक झाली तर वेळ जातो. इथे चूक झाली तर व्हिसाचा दर्जा जातो.

सीपीटी म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या कामाची परवानगी. ती डीएसओ देतो आणि आय-२० च्या (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) दुसऱ्या पानावर छापतो. त्यासाठी आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुलटाइम शिकलेलं असावं लागतं. प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून प्रत्यक्ष काम सक्तीचं असेल तरच मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना यातून सूट. परवानगी त्या साइटपुरती, त्या पत्त्यापुरती आणि त्या तारखांपुरती असते. आठवड्याला २० तासांपर्यंत पार्टटाइम, त्यापुढे फुलटाइम. फुलटाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, गेली. आपल्या ६०० तासांच्या इंटर्नशिपला ४० तासांनी १५ आठवडे लागतात, म्हणजे ती भीती नाही.

आता लोक पडतात ते खड्डे.

साइट म्हणते, "सोमवारी सुरू, पण शुक्रवारी नुसत्या ओरिएंटेशनला येऊन जा." सीपीटी सोमवारपासून असेल तर शुक्रवारी जायचं नाही. नुसतं बसायलाही नाही.

"पगार नाही, मग सीपीटी कशाला?" बिनपगारी असली तरी घ्या. क्रेडिटसाठी ठरलेले तास भरताय, लायसन्सच्या अर्जात ते दाखवणार आहात. उद्या कुणी विचारलं की हे काम कुठल्या परवानगीनं केलं, तर हातात कागद असलेला बरा.

तारखा पुढे गेल्या तर जुनी मुदत संपायच्या आत वाढवून घ्या. माझी सीपीटी ८ ऑगस्टला संपत होती. चार आठवडे वाया गेल्यामुळे उन्हाळ्याच्या ३०० तासांपैकी आठवड्याला ३० प्रमाणे १८० च झाले. उरलेले १२० मी ओहायोत परतून वेगळ्या साइटवर केले, म्हणजे नवी साइट, नवा पत्ता, नवी सीपीटी.

पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचा असतो. उन्हाळ्यापुरतं मावशीकडे राहणं हेही पत्ता बदलणंच.

आणि सर्वांत फसवा खड्डा: इंटर्नशिप फॉल किंवा स्प्रिंगमध्ये, परराज्यात. सेमिस्टर चालू असताना तुम्हाला फुलटाइम विद्यार्थी राहावं लागतं आणि त्यात एकच ऑनलाइन कोर्स, जास्तीत जास्त ३ क्रेडिट, धरला जातो. मग न्यू जर्सीत बसून ओहायोतले वर्ग कसे करणार? शेवटच्या सेमिस्टरला कमी क्रेडिटची मुभा डीएसओ देऊ शकतो, पण उरलेला एकुलता एक कोर्स निव्वळ ऑनलाइन असून चालत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: परराज्यातली इंटर्नशिप उन्हाळ्यातच करा. सेमिस्टरमध्ये करायचीच असेल तर विभागप्रमुख आणि डीएसओ या दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या. वेगवेगळं विचारलंत तर दोघंही हो म्हणतील, आणि दोघांचे हो एकमेकांत बसणार नाहीत.

५. कागदपत्रं, आणि दंडावरचा तो व्रण

हे जमवायला सुरुवात तीन महिने आधी करा:

• पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद), सीपीटी छापलेला नवा आय-२०
• साइटचं ऑफर लेटर: तारखा, आठवड्याचे तास, पूर्ण पत्ता, सुपरवायझरचं नाव
• दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला ॲफिलिएशन ॲग्रीमेंट
• बोर्डाचं आणि स्टेट ऑथोरायझेशन ऑफिसचं लेखी उत्तर, दोन्हींची पीडीएफ
• स्टुडंट लायबिलिटी इन्शुरन्सचं प्रमाणपत्र. बऱ्याच साइट एका दाव्याला १० लाख आणि वर्षाला एकूण ३० लाख डॉलर ही मर्यादा मागतात
• पार्श्वभूमी तपासणी आणि बोटांचे ठसे. हे राज्यागणिक वेगळे, ओहायोत दिलेले न्यू जर्सीला चालतील असं धरून चालू नका
• लसीकरणाची नोंद आणि टीबीची चाचणी
• झालेल्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस

टीबीबद्दल थांबून सांगते, कारण यावर इंग्रजीतल्या कुठल्याच गाइडमध्ये आपल्यासाठी काही लिहिलेलं नसतं. आपल्याला जन्मतःच बीसीजी टोचलेली असते. दंडावर तो वाटोळा व्रण असतोच. त्यामुळे हातावर टोचून करायची टीबीची चाचणी आपल्यात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात दोन दिवसांत १२ मिलिमीटर फुगला. नर्सनं पट्टी लावून मोजलं, चेहरा गंभीर केला आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला. अपॉइंटमेंट, रिपोर्ट, डॉक्टरची सही यांत नऊ दिवस गेले. बीसीजीचा परिणाम न होणारी रक्ताची चाचणी असते, क्वांटिफेरॉन नावाची. पहिल्याच दिवशी तीच मागा. साइटच्या फॉर्मवर 'त्वचा चाचणी' असं छापलेलं असलं तरी रक्ताची चालते का, हे विचारून घ्या. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस-बी यांची लहानपणची कार्डं घरच्या ट्रंकेत सापडली तर उत्तम. नाहीतर अँटिबॉडी तपासणारी टायटर चाचणी करून मिळते, आईला माळ्यावर चढवू नका.

दुसरी खास आपली अडचण म्हणजे नाव. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. विद्यापीठाच्या नोंदीत वडिलांचं नाव मधलं नाव झालेलं, कुणाचं चक्क पहिल्या नावाला चिकटलेलं. ठसे एका नावानं आणि लायसन्सचा अर्ज दुसऱ्या नावानं गेला तर ती दोन माणसं ठरतात. पासपोर्टवरचं नाव हेच प्रमाण धरा, आणि फॉर्ममध्ये 'इतर नावं' अशी जागा दिसली की उरलेले सगळे प्रकार तिथे लिहा.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ठशांचे आणि लायसन्सचे फॉर्म अडू शकतात. सीपीटीच्या पगारी कामावर तो काढता येतो, पण काम सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी अर्ज घेत नाहीत. कॅलिफोर्नियाची बोर्डं २०१६ पासून आयटिन (कर भरण्यासाठीच्या) नंबरवरही लायसन्स देतात. बाकीच्या राज्यांना विचारावं लागतं.

६. टेलिहेल्थ: खुर्ची कुठे आहे यापेक्षा क्लायंट कुठे आहे

माझ्या साइटवर निम्मी सेशन व्हिडिओवर व्हायची. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरनं शिकवलं की नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न "कसं वाटतंय?" हा नाही, "आत्ता कुठे आहात?" हा. मला ते औपचारिक वाटलं. तिसऱ्या आठवड्यात एक क्लायंट सहज म्हणाल्या, "आज मुलीकडे आलेय, फिलाडेल्फियाला." सुपरवायझर शेजारीच होत्या. त्यांनी हळूच हात पुढे करून माझा आवाज बंद केला, स्वतः दोन मिनिटं बोलल्या आणि सेशन परवावर ढकललं.

कारण असं की काउन्सेलिंग जिथे क्लायंट बसलाय तिथे घडतं असं कायदा मानतो. न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियातल्या माणसाशी बोललात तर पेनसिल्व्हेनियाचे नियम लागू. विद्यार्थ्याला असलेली सूट राज्याची वेस ओलांडून जात नाही. "काउन्सेलिंग कॉम्पॅक्ट आहे ना आता?" असं कुणीतरी म्हणतंच. एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यांत काम करू देणारा तो करार. आहे, तीसहून अधिक राज्यांनी तसा कायदा केलाय. पण तो पूर्ण, स्वतंत्र लायसन्स असलेल्यांसाठी आहे. विद्यार्थ्यांना आणि सुपरवायझरच्या हाताखाली असलेल्यांना त्याचा उपयोग नाही.

डिसेंबरात सांगलीला जाऊन तिथून सेशन घेऊ का, असं मीही विचारलं होतं. साइटचं आणि विद्यापीठाचं, दोघांचंही उत्तर एका ओळीचं होतं.

७. तासांची वही

केक्रेपच्या प्रोग्राममध्ये प्रॅक्टिकम (इंटर्नशिपच्या आधीचं प्रत्यक्ष काम) १०० तास, त्यात ४० थेट क्लायंटबरोबरचे. इंटर्नशिप ६०० तास, त्यात २४० थेट. शिवाय आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन आणि दीड तास गटाचं. एमएसडब्ल्यूला फील्डचे किमान ९०० तास असतात.

एकूण तास भरतात, थेट तास भरत नाहीत, हा सगळ्यांचा अनुभव. क्लायंट येत नाहीत, साइट फायलींचं काम देते, आणि शेवटच्या महिन्यात ५० तास कमी पडतात. दर शुक्रवारी दोन्ही बेरजा करा.

सुपरवायझरची सही दर महिन्याला घ्या, शेवटी एकदम नको. सहीखाली लायसन्स क्रमांक आणि राज्य लिहून घ्या. दोन वर्षांनी बोर्ड ते मागेल तेव्हा सुपरवायझर नोकरी बदलून गेलेले असतील आणि साइटचा फोन कुणी उचलणार नाही. विभागाचं सॉफ्टवेअर तास साठवतं हे खरं, पण पदवीनंतर त्यात शिरता येईलच असं नाही. पीडीएफ काढून घरी ठेवा.

८. पदवीनंतर: ९० दिवसांची टिकटिक

ओपीटीचा अर्ज प्रोग्राम संपायच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. डीएसओनं सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांत तो जायला हवा. ओपीटी सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही.

लायसन्सवाल्यांची पंचाईत इथे होते. नोकरी द्यायला साइट तयार, पण असोसिएट लायसन्स (सुपरवायझरच्या हाताखाली काम करायचं) हातात आल्याशिवाय तुम्ही क्लायंट बघू शकत नाही. बोर्ड पदवीची नोंद झालेली ट्रान्सक्रिप्ट मागतं, ती विद्यापीठ पदवीदानानंतर काही आठवड्यांनी देतं, मग परीक्षेचा निकाल, मग ठसे. इकडे ९० दिवस धावत असतात.

यातून वाट काढायचे मार्ग आहेत. ओपीटीची सुरुवात प्रोग्राम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली कुठलीही तारीख ठेवता येते. शक्यतो उशिराची ठेवा. राज्य परवानगी देत असेल तर एनसीई ही काउन्सेलरच्या लायसन्सची परीक्षा शेवटच्या सेमिस्टरमध्येच देऊन टाका. आणि लायसन्स न लागणारं पण विषयाशी थेट संबंध असलेलं काम, उदाहरणार्थ केस मॅनेजरचं, हाताशी ठेवा. आठवड्याला किमान २० तासांचं स्वयंसेवी कामही ओपीटीत नोकरी म्हणून धरलं जातं. पण स्वयंसेवी म्हणून लायसन्सशिवाय काउन्सेलिंग करता येईल असं समजू नका. व्हिसाचा नियम पाळला जाईल आणि राज्याचा मोडला जाईल.

क्लिनिकल काउन्सेलिंगची ओपीटी सहसा १२ महिन्यांचीच, स्टेमवाल्यांसारखी वाढत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सस, ओहायो या राज्यांत पूर्ण लायसन्सला ३००० तास लागतात. वर्षात फुलटाइम फार तर २००० होतात. म्हणजे उरलेल्या तासांसाठी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, आणि लायसन्स लागणाऱ्या पदाच्या एच-१बीला त्या राज्याचं लायसन्स दाखवावं लागतं. मुलाखतीतच मालकाला हे गणित सांगा. ज्यांनी आधी कुणाला स्पॉन्सर केलंय त्यांना ते दोन वाक्यांत समजतं. ज्यांना अर्धा तास समजवावं लागतं, तिथे माझा तरी अनुभव बरा नाही.

बोर्डाच्या पोर्टलवर खातं उघडताना विद्यापीठाचा ईमेल देऊ नका. पदवीनंतर तो कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि बोर्ड त्रुटीचं पत्र त्याच पत्त्यावर पाठवतं. माझ्या मैत्रिणीला ते पत्र आलं होतं, ३० दिवसांत उत्तर द्यायचं होतं, आणि तिला ते कळलं पंचेचाळिसाव्या दिवशी, बोर्डाला फोन करून.